केवढ्याला बसला?

काल जनावरांच्या दवाखान्यात माझी जी शोभा झाली, ती अजून डोक्यातून जात नाही. निमित्त बंड्याच्या खोकल्याचं. बंड्या आमचा यॉर्कशायर टेरियर. वजन जेमतेम तीन किलो. महिना मे, गाव परभणी. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यानं ऊनही हिशेबात धरलं असणार.

रांगेत पुढे लालकंधारी गोऱ्हा घेतलेले आप्पा.

“हे काय हाय?”

“कुत्रा.”

“पिल्लू?”

“नाही, चार वर्षांचा आहे.”

आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. “खायला घालता ना नीट? कामून असा राह्यला? केवढ्याला बसला?”

मी आकडा निम्मा करून सांगितला.

“तेवढ्यात कालवड आली असती!” हे त्यांनी मला नाही, अख्ख्या रांगेला सांगितलं. मागचा उस्मानाबादी शेळीवाला लगेच शेळ्यांचा हिशेब करायला लागला. माझ्या अकलेचा भर दुपारी लिलाव.

एवढ्यात बंड्या गोऱ्ह्यावर धावला. आपण तीन किलोचे आहोत हे टेरियरला कुणी सांगत नाही. गोऱ्हा दचकून मागे सरला तो थेट आप्पांच्या पायावर. बोलणी अर्थात मला.

“झालंय काय पण याला?”

सांगितलं. यांची श्वासनलिका नाजूक, गळ्यातला पट्टा ओढला की ठसका लागतो, म्हणून पट्टा छातीला. गुडघ्याची वाटी सरकते, मग चालता चालता एक पाय वर. दुधाचे दात आपणहून पडेनात, तेही काढून घ्यावे लागले. विकणारा एवढंच म्हणाला होता, “केस गळत नाहीत साहेब, काही ताप नाही.” केस कमी गळतात हे खरं आहे. ते रोज विंचरायचे कुणी, हे त्यानं पावतीवर लिहिलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या डोक्याला आठवड्यात कंगवा लागत नाही!

“म्हंजे बिनकामाचा,” आप्पा म्हणाले.

मग मात्र मी चिडलो. म्हटलं, याचे पूर्वज इंग्लंडात यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांत उंदीर मारायचे. 1886 साली तिथल्या केनेल क्लबनं या जातीला मान्यता दिलीय.

आप्पा एकदम गंभीर झाले. “उंदीर? मग आधी नाही का सांगायचं! आमच्या शेतातल्या आखाड्यावर सोयाबीनचे कट्टे कुरतडायलेत.” आणि माझ्या केसपेपरवरून नंबर उतरवून घेतला.

आज सकाळी सहाला फोन. “सर, गाडी पाठवू का?”

“आप्पा, त्याचा गुडघा...”

“राहू द्या हो. तीन पायांवर बी धरील की.”