‘रांगेत उभे राहून या’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांना दार उघडं ठेवावं, या माझ्या गेल्या आठवड्यातल्या लेखावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. तीनदा वाचली. दोन दिवस मुद्दाम काही लिहिलं नाही, कारण रागाच्या भरात लिहायचं नव्हतं.

इतरांनी वाचली नसेल तर थोडक्यात सांगते. तुम्ही लिहिलंय: “ताई, हातात अमेरिकन पासपोर्ट आला की असे लाड सुचतात. आपण सगळे रांगेत उभे राहून आलो, त्यांनीही रांगेत उभे राहून यावे. देश म्हणजे धर्मशाळा नव्हे. इतका पुळका असेल तर चार जणांना घरी ठेवून घ्या.” शिवाय पगार, गुन्हे, शाळांवरचा ताण आणि एलिस आयलंडचं चुकलेलं साल.

साल चुकलंच. मी १८९० लिहिलं होतं. बाहेरून येणाऱ्यांची तपासणी करणारं न्यूयॉर्क बंदरातलं ते केंद्र १ जानेवारी १८९२ ला सुरू झालं. लेखात दुरुस्त केलंय. आभार.

आता त्या ‘ताई’बद्दल. ताई म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच शब्दात लाड आणि पुळका काढायचा, ही कुठली रीत? माझ्याशी वाद घाला, जोरात घाला. पण मी विचार करून लिहिलेल्या गोष्टीला बाईमाणसाचा हळवेपणा ठरवून मोकळं होऊ नका. लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर ‘दादा, लाड सुचतात’ असं तुम्ही लिहिलं असतंत का? मला नाही वाटत.

आणि ती रांग. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत मला झोंबलं ते हे एक वाक्य, म्हणून त्यावरच बोलते.

मी १९९३ साली न्यू जर्सीला आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. कराडहून एसटीने मुंबईला गेले, अमेरिकन वकिलातीच्या खिडकीत लग्नाचे फोटो दाखवले, दोन प्रश्न झाले आणि शिक्का मिळाला. मी कुठल्या रांगेत उभी राहिले? माझं लग्न कॉम्प्युटरमधल्या मुलाशी ठरलं, एवढंच माझं कर्तृत्व. पुढे ग्रीन कार्ड, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, येईपर्यंत पाच वर्षं मला इथे एक डॉलर कमवायची परवानगी नव्हती. एम.एस्सी. केमिस्ट्री झालेली बाई घरात बसून होती. त्यामुळे कायदा आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

खरी रांग बघायची असेल तर माझ्या दादाची सांगते. २००३ च्या शेवटी मी नागरिक झाले आणि २००४ च्या सुरुवातीला त्याच्यासाठी अर्ज भरला. भावंडांसाठी वेगळा वर्ग आहे, त्यात भारतीयांचा नंबर अमेरिकन सरकारच्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमधल्या तारखेवरून कळतो: त्या तारखेआधी ज्यांनी अर्ज केला, त्यांची पाळी आली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या पानामागे मी ती तारीख पेन्सिलने लिहून ठेवायची. एखाद्या महिन्यात आठवडाभर पुढे सरकायची, एखाद्या महिन्यात तिथेच, आणि कधी चक्क मागे जायची. वर्ष संपलं की जुनं कालनिर्णय टाकून न देता अर्जाच्या फायलीत ठेवायचे. अशी पंधरा कालनिर्णयं जमली. नंबर लागला तेव्हा दादा अठ्ठावन्न वर्षांचा होता. अर्ज केला तेव्हा तेरा वर्षांचा असलेला माझा भाचा अठ्ठावीसचा झाला होता आणि एकवीस ओलांडलेलं मूल आईबापांच्या अर्जात बसत नाही. दादाने फोनवर एकच विचारलं, “मग मी येऊन काय करू?” तो आला नाही. आम्ही सगळं कायद्याने केलं होतं, एकही कागद चुकला नव्हता.

आणि ही रांग ज्यांना आहे त्यांची गोष्ट झाली. मी, त्याची बहीण, इथली नागरिक म्हणून दादाला निदान उभं राहायला जागा होती. ज्याचं इथे सख्खं कुणी नाही, ज्याला कुठली कंपनी बोलावत नाही, त्याने कुठे उभं राहायचं? तुम्हीच दाखवा. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात एका देशाला साधारणपणे सात टक्क्यांची मर्यादा. आइसलंडला जेवढी मर्यादा तेवढीच भारताला. लॉटरीने, म्हणजे सोडतीने, मिळणारी ग्रीन कार्डं म्हणाल, तर भारत आणि मेक्सिको त्यातून वगळलेले आहेत. आश्रयासाठी मायदेशात बसून अर्ज करता येत नाही, आधी इथल्या भूमीवर पाय ठेवावाच लागतो. माणूस कुठल्या वाटेने आत आला हे न पाहता त्याला आश्रय मागता येतो, असं १९८० च्या कायद्यात लिहिलं गेलं. म्हणजे ज्याला तुम्ही रांग मोडणं म्हणता, तीच कित्येकांची कायद्यातली एकमेव वाट आहे.

“आपण सगळे रांगेत उभे राहून आलो.” कोण आपण? १९१७ च्या कायद्याने आशियाचा बहुतेक भाग बंदच करून टाकला होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद, अमेरिकन सैन्यात भरती झालेला माणूस, सुप्रीम कोर्टाने त्याला सांगितलं की तू गोरा नाहीस, नागरिक होऊ शकत नाहीस. त्या निकालाच्या आधाराने ज्यांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं, त्यात सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगई होते. १९१५ साली बायकामुलांना घेऊन आले होते, १९२१ ला नागरिक झाले होते. नागरिकत्व गेलं, मालमत्ता गेली, आणि १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. त्यांनी कुठला नियम मोडला होता? १९४६ मध्ये दार किलकिलं झालं ते वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. सबंध देशाला शंभर! ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी लिबर्टीच्या पुतळ्यापाशी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली, तेव्हा कुठे तुमच्यामाझ्यासाठी रांग नावाची गोष्ट तयार झाली. ती मिळवायला आपण बोटही हलवलं नव्हतं. इथल्याच लोकांनी, काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने बदललेल्या देशाने, ती आपल्याला दिली. ज्यांचे आजोबा एलिस आयलंडवरून आले त्यांचीही रांग मुख्यतः डॉक्टरच्या तपासणीची असे, बहुतेकांना काही तास लागत. शंभरातले दोनच परत पाठवले जात.

म्हणून हे वाक्य मला सहन होत नाही. आपल्यासाठी कुणीतरी दार उघडलं, आणि आत येताच आपणच कडी लावायला पुढे.

पगार, शाळा वगैरेंबद्दल आत्ता लिहीत बसत नाही, तो वेगळा विषय आहे. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा व्हावी, यात वाद कोण घालतंय? धर्मशाळेची उपमा तर मी हजार वेळा ऐकली आहे.

घरी ठेवा म्हणालात, म्हणून सांगते. दर मंगळवारी लायब्ररीत मी इंग्रजी शिकवते. तिथे येणारी एक व्हेनेझुएलाची बाई काराकासला नर्स होती, इथे ऑफिसं झाडते. तिच्या देशातून सत्तर लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली आहेत. परवा तिने वहीत गोळ्यांची नावं, डोस, किती वेळा द्यायच्या, असं सगळं इंग्रजीत लिहून आणलं होतं, परीक्षेला बसायचंय म्हणून. अक्षर इतकं नीट की मी वही तशीच हातात धरून बसले. ही बाई या देशावर ओझं आहे, हे तिच्या तोंडावर म्हणायला या. मी पत्ता देते.

तुम्ही ह्यूस्टनला पस्तीस वर्षं आहात म्हणता. तुमचं घर, मुलं, नातवंडं तिथेच. या देशाने तुम्हाला वाईट वागवलेलं नाही, मलाही नाही, आणि ते ऋण मी मानते. ते कसं फेडायचं यावर आपलं जमणार नाही, हे दिसतंच आहे.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, आहे तशी ठेवली आहे. लेखही राहील. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नाव लिहा, आणि मला ताई म्हणू नका.