सुई टोचून पक्षाघात उतरत नाही

"पक्षाघाताचा झटका आला की रुग्णाला हलवू नका, मेंदूतल्या केशवाहिन्या फुटतील. दहाही बोटांची टोकं सुईने टोचून वाटाण्याएवढं रक्त येऊ द्या. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा, पाळ्यांना सुई टोचा. रुग्ण पूर्ववत झाला की मगच हॉस्पिटलात न्या." कुणा चिनी प्राध्यापकाच्या हवाल्याने फिरणारा हा मेसेज परवा घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पक्षाघातानंतर माणसं उभी करणं हे माझं रोजचं काम, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पातलीपाड्याच्या एका काकांचा लुळा पडलेला उजवा हात पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा पाचही बोटांच्या टोकांवर सुकलेले काळे ठिपके होते. मी काही विचारण्याआधीच सूनबाई म्हणाली, "ताई, मेसेजमध्ये होतं म्हणून टोचलं हो." काकांना सगळं समजत होतं, पण तोंडातून एकच शब्द निघत होता, "हो".

आधी बोटांचं बघू. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या मुख्य वाहिन्या चार. दोन गळ्याच्या पुढच्या बाजूने चढतात, दोन मानेच्या मणक्यांमधून, आणि मेंदूच्या तळाशी त्यांचं कडं तयार होतं. बोटांकडे जाणारं रक्त त्याआधीच हाताच्या वाटेला लागलेलं असतं. दहा बोटांतून दहा थेंब काढले तर होतं जेमतेम अर्धा मिलिलिटर. अंगात रक्त असतं पाचेक लिटर. त्याने कसला दाब उतरणार? शिवाय बहुतेक झटक्यांत मेंदूत काही फुटलेलंच नसतं. गुठळीने वाहिनी तुंबलेली असते आणि पुढचा भाग रक्तावाचून मरत असतो.

कानाचा मुद्दा लोकांना पटतो, कारण वाकडं तोंड समोर दिसत असतं. चेहऱ्याचे स्नायू हलवते ती मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी सातवी. ती कानामागच्या हाडातल्या बोगद्यातून बाहेर पडते हे खरं. पण कानाच्या पाळीची संवेदना नेणारी नस वेगळी, ती मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या नसांतून येते. आणि मेंदूच्या वरच्या भागात झटका येतो तेव्हा सातवी नस शाबूतच असते, वरून येणारा हुकूम तुटलेला असतो. काकांना मी म्हटलं, "भुवया वर करा." कपाळावर दोन्हीकडे सारख्या आठ्या पडल्या. "दात दाखवा" म्हटलं, तर ओठाचा उजवा कोपरा जागचा हलला नाही. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम मिळतो, ओठांकडच्या भागाला मुख्यतः विरुद्ध अर्धाकडून. हुकूमच पोचत नसेल तर कान कितीही ओढा, ओठ वर कसा जाणार!

याउलट कपाळासकट अर्धा चेहरा गेला, डोळाही मिटेना, तर बऱ्याचदा तो बेल्स पाल्सी असतो, म्हणजे सातव्या नसेचाच बिघाड. त्यावरच्या स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर चांगला गुण येतो. पण हा निवाडा घरी बसून करू नका. मेंदूच्या देठात झटका आला तरी चेहरा असाच दिसू शकतो.

खरा घात करतं ते "हलवू नका". घोडबंदरचे खड्डे रोज सोसणाऱ्याला धक्क्यांची भीती लगेच पटते. पण मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. रिक्षाच्या धक्क्याने त्याच्या वाहिन्या फुटत नाहीत. वाट पाहण्याची किंमत मात्र मोजलेली आहे. मोठी वाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा 2006 सालचा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. काकांनी सव्वासातला खालून दूध आणलं होतं. आठला तोंड वाकडं दिसलं, सुया टोचल्या आणि घरचे "उतरेल" म्हणून बसून राहिले. साडेअकराला गाडी निघाली. मुदत मोजतात शेवटचं धडधाकट दिसल्यापासून, म्हणजे सव्वासातपासून; ती पावणेबाराला संपत होती.

"आमच्या मामांना फरक पडला" असंही कुणी ग्रुपवर लिहिलंय. पडला असेल. कधी कधी गुठळी आपोआप सरकते आणि हात काही मिनिटांत पुन्हा चालायला लागतो, सुई टोचली नसती तरीही. पण तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो, आणि तो मोठा झटका आलाच तर बऱ्याचदा पुढच्या काही दिवसांतच येतो. अशा माणसाला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं.

मेसेजमध्ये नसलेली, पण घरोघरी होणारी चूक म्हणजे साखरपाणी पाजणं. गिळण्याचं काम मुख्यतः नवव्या, दहाव्या आणि बाराव्या नसेच्या जोरावर चालतं. तेच बिघडलं असेल तर घोट श्वासनलिकेत जातो. म्हणून पाणी नको, गोळी नको, ब्लडप्रेशरचीसुद्धा नाही.

ओठ एका बाजूला उतरलाय, हात वर ठेवता येत नाही, बोलणं जड झालंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी 108 लावा. सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतं अशा हॉस्पिटलात न्या आणि माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला होता ते कागदावर लिहून बरोबर घ्या. डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.