वेलदोडा, दालचिनी आणि व्हेपचं लिक्विड: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्हेपच्या, म्हणजे ई-सिगरेटच्या, लिक्विडमध्ये घरी काढलेले अर्क घालू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही न्यू जर्सीहून एवढी सविस्तर आणि थोडी रागाची प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. राग मला समजतो, कारण त्यामागे सिगरेट सोडण्याची धडपड आहे.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्या राज्यात एप्रिल २०२० पासून तंबाखूची चव सोडून बाकी चवींचे व्हेप विकायला बंदी आहे. तुम्ही सिगरेट सोडून व्हेपवर आलात आणि तंबाखूची चव आता नकोशी वाटते. म्हणून बिनचवीचं लिक्विड आणून त्यात घरचे अर्क घालता: ग्लिसरीनमध्ये मुरवलेला वेलदोडा, दालचिनी, व्हॅनिलाच्या शेंगा, कधी आमरसाचं गाळलेलं पाणी. तुमचे आक्षेप तीन. दुकानातलं सगळं केमिकल आणि तुमचं स्वयंपाकघरातलं, मग धोका तुमच्याच बाटलीत कसा? ओव्याची धुरी आणि निलगिरीचा वाफारा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतात, त्याचं काय? आणि अशा लेखांनी घाबरून लोक परत सिगरेटकडे जातात, म्हणजे मी सिगरेट कंपन्यांचंच काम करतो.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो मला सगळ्यात जास्त लागला. तुम्ही सिगरेट सोडलीत ही फार मोठी गोष्ट आहे आणि त्यापासून तुम्ही तसूभरही मागे सरकू नये. मी इंग्लंडमध्ये राहतो. इथली सरकारी आरोग्यसेवा सिगरेट ओढणाऱ्यांना व्हेपचा पर्याय उघडपणे सांगते. सिगरेट सोडायला निकोटिनचं व्हेप हे निकोटिनच्या पट्ट्या आणि च्युइंगमपेक्षा जास्त उपयोगी पडतं, असं वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही आलेलं आहे. तेव्हा व्हेप बंद करून पाकीट विकत आणा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. माझा आक्षेप फक्त त्या वेलदोड्याच्या बाटलीला आहे.

आता मुख्य मुद्दा. एखादा पदार्थ आपण हजार वर्षं खात आलो म्हणजे तो खायला चालतो एवढंच सिद्ध होतं. पोटात जाणाऱ्या घासाला आधी लाळ, मग आम्ल, मग आतडी आणि शेवटी यकृत अशा पायऱ्या असतात. नको ते वाटेत मोडलं जातं, उरलेलं बाहेर टाकलं जातं. फुप्फुसात यातलं काहीच नाही. हवेच्या पिशवीची भिंत एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असते आणि तिच्या पलीकडे लगेच रक्त. तिथे पोचलेली वस्तू एकतर सरळ रक्तात जाते, नाहीतर तिथेच बसून राहते. अमेरिकेतली फ्लेवर बनवणाऱ्यांची फेमा ही संघटना स्वतःच सांगते की त्यांच्या यादीतले पदार्थ अन्नात वापरण्यापुरतेच सुरक्षित ठरवलेले आहेत, श्वासातून घेण्यासाठी नाहीत. धंदा करणारेच असं म्हणतात, तेव्हा ते ऐकलं पाहिजे.

यात सगळ्यात वाईट तेल. २०१९ साली अमेरिकेत तरुण मुलं धापा टाकत इस्पितळात येऊ लागली, ते तुम्ही तिथेच असल्यामुळे तुम्हाला आठवत असेल. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. बहुतेकांनी गांजाच्या अर्काची, काळ्या बाजारातली कार्ट्रिज (व्हेपला जोडायच्या भरलेल्या नळ्या) ओढली होती. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातल्या द्रवात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं. नेहमीच्या निकोटिन लिक्विडचा हा प्रकार नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. पण व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट म्हणजे काय? चेहऱ्याच्या क्रीममध्ये घालतात, गोळीतून खातात ते. अंगाला लावून चालतं, खाऊन चालतं, तापवून छातीत ओढलं की माणूस अतिदक्षता विभागात.

आणि यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. आपल्याकडे बाळाला न्हाऊमाखू घालताना नाकात दोन थेंब तेल सोडायची पद्धत होती, अजूनही कुठे कुठे आहे. बालरोगतज्ज्ञ हात जोडून सांगतात की हे करू नका, कारण ते तेल श्वासनलिकेत उतरून बाळाला न्यूमोनिया होतो. तेलाचा थेंब हवेच्या पिशवीत गेला की तिथल्या भक्षक पेशी तो गिळतात, पण त्यांना तो धड पचवता येत नाही, आणि दाह सुरू होतो. तेल घाण्याचं होतं आणि आजीच्या मायेने घातलं होतं, तरीही.

आता तुमचा वेलदोडा. तुम्ही लिहिलंय, दाणे कुटून ग्लिसरीनमध्ये ठेवतो आणि मलमलच्या कापडातून दोनदा गाळतो. ती बाटली खिडकीच्या उजेडात धरून बघा. हिरवट-पिवळी झाक दिसेल, आणि द्रव काचेसारखा स्वच्छ न दिसता धुकट दिसेल. ते धुकं म्हणजे स्टार्च, दाण्याचे अतिबारीक कण आणि तेलाचे थेंब. मलमलची वीण त्यांना अडवू शकत नाही. वेलदोड्यात दोन तऱ्हेचं तेल असतं. एक सुगंधी, उडून जाणारं, ज्यात सिनिओल आणि टर्पिनिल अ‍ॅसिटेट असतं, आणि दुसरं थोडंसं न उडणारं, बियांत असतं तसं. ग्लिसरीनमध्ये दोन्ही नीट विरघळत नाहीत. बाटली दोन दिवस हलवली नाही तर वर चकाकणारी तेलाची कड दिसते. तुम्ही ओढण्याआधी बाटली हलवता, म्हणजे ते थेंब बारीक करून व्हेपमधल्या लिक्विड शोषणाऱ्या कापसात पाठवता.

आमरसाच्या पाण्याबद्दल तर मी अगदी कळकळीने सांगतो की ते आजच थांबवा. त्यात साखर आहे. कॉइल, म्हणजे व्हेपमधली तापणारी तार, चालू असताना दोनशे अंशांच्या वर जाते आणि कापूस कोरडा पडला तर त्याच्याही खूप पुढे. साखर उडत नाही, ती तारेवरच करपते. कॉइल काढून बघा. तारेवर काळी, ठिसूळ खपली धरलेली दिसेल, कापूस तपकिरी झालेला असेल आणि त्याला पाक करपल्यावर कढईला येतो तसा कडवट वास येईल. करपताना तिथे फॉर्मल्डिहाइड आणि फरफ्युरालसारखी संयुगं तयार होतात, आणि तो झुरका तुम्ही घेतलेला असतो. मध, गूळ, काकवी, फळांचे रस, सरबतं, सगळ्यांची गत हीच. शिवाय फळाच्या रसातल्या पाण्यामुळे ग्लिसरीन पातळ होतं आणि बाटलीत बुरशी धरू शकते, ते वेगळंच.

दालचिनीबद्दल तुम्ही स्वतःच एक गोष्ट लिहिलीत आणि पुढे निघून गेलात: दालचिनीचं लिक्विड भरल्यावर तुमच्या व्हेपच्या जुन्या प्लॅस्टिकच्या टाकीला तडे गेले, म्हणून काचेची घेतली. जरा तिथे थांबा. दालचिनीचा वास ज्याने येतो त्या सिनॅमाल्डिहाइडमुळे काही प्लॅस्टिक खरोखरच तडकतं. लिंबूवर्गीय सालींच्या तेलानेही असंच होतं आणि व्हेप ओढणाऱ्यांत ही गोष्ट जुनी आहे. तुम्ही टाकी बदललीत. छाती बदलता येत नाही. श्वासनलिकेच्या आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, ते सतत हलून कफ आणि धूळ वर ढकलत राहतात. प्रयोगशाळेत श्वासनलिकेच्या पेशींवर सिनॅमाल्डिहाइडचा प्रयोग केला तेव्हा या तंतूंची हालचाल मंदावलेली दिसली. दालचिनी सालीची असो की कारखान्यातली, रेणू तोच. घरच्या अर्कात फरक एवढाच की तो किती उतरलाय हे तुम्हाला मोजता येत नाही. एक साल तिखट निघते, दुसरी बेचव, आणि तुम्ही दोन्ही वेळा तेवढेच थेंब घालता.

लवंगेचा विचार तुमच्या मनात आहे असं दिसलं. अमेरिकेत लवंगेच्या सिगरेटी तरुणांत लोकप्रिय झाल्या, तेव्हा १९८५ मध्ये सीडीसीने (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने) त्या ओढल्यानंतर फुप्फुसाच्या गंभीर आजाराने दाखल झालेल्यांची नोंद प्रसिद्ध केली होती. दाढदुखीत लवंग उपयोगी पडते ती युजेनॉलमुळे, कारण ते बधिर करतं. घसा बधिर झाला की झुरका खोल जातो. लवंग नको.

दुकानातलं लिक्विड निर्दोष आहे असा माझा दावा नाही. व्हॅनिलाचंच घ्या. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये (लिक्विडमध्ये ग्लिसरीनसोबत असतं त्या द्रवात) नुसतं ठेवलं तरी दोन्ही मिळून अ‍ॅसिटल नावाची नवी संयुगं तयार होतात आणि ती श्वासमार्गाला चुरचुरणारी असतात, असं येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. हे बाजारातल्या बाटलीत होतं आणि तुमचा शेंगांचा अर्क लिक्विडमध्ये मिसळल्यावरही होऊ शकतं. आणि लोण्यासारखी चव देणारं डायअ‍ॅसिटिल? मिसुरीतल्या जॅस्पर गावात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसाचा असाध्य आजार झाल्याचं २००० साली उघडकीला आलं. लोण्याच्या चवीसाठी घालत होते त्या डायअ‍ॅसिटिलच्या वाफेवर बोट ठेवलं गेलं. हेच डायअ‍ॅसिटिल आपण सायीला विरजण लावून लोणी काढतो त्यात आपोआप तयार होतं, आणि ते लोणी भाकरीवर खाऊन कुणाला काही होत नाही. इथे ब्रिटनमध्ये व्हेपच्या लिक्विडमध्ये ते घालू देत नाहीत. २०१६ पासून इथे निकोटिन असलेल्या प्रत्येक लिक्विडमधले घटक आणि त्याच्या वाफेत काय निघतं याची माहिती औषध नियामकाकडे द्यावी लागते, आणि निकोटिन एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. हे पुरेसं आहे का? माझ्या मते नाही, खूप वर्षं ओढल्यावर काय होतं ते अजून कळायचं आहे. पण निदान त्या बाटलीत काय आहे ते कुणीतरी मोजलेलं असतं. तुमच्या बाटलीत काय आहे ते तुम्हालाही माहीत नाही.

वाफाऱ्याचं म्हणाल तर तो सर्दीत पाच-दहा मिनिटं घेतात, उकळत्या पाण्याचा. त्या वाफेत साखर नाही, स्टार्च नाही, न उडणारं तेल नाही, आणि चार दिवसांनी सर्दी गेली की भांडं परत फडताळात जातं. तुम्ही दिवसभर हातात व्हेप घेऊन असता. धुरीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. चुलीचा धूर पूर्ण नैसर्गिक होता आणि आपल्या गावांतल्या बायकांनी विडीला हात न लावता त्या धुराने छाती गमावली. दम्यासारखी धाप लागलेल्या, कधीही सिगरेट न ओढलेल्या म्हाताऱ्या बायका छातीच्या डॉक्टरांकडे आजही येतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं म्हणून त्यांचं काही भलं झालं नाही.

‘मला अजून काही झालेलं नाही’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. सिगरेट ओढणाऱ्यालाही पहिली काही वर्षं असंच वाटतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलेलं आहे.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. भारतात सप्टेंबर २०१९ पासून ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आहे. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे इथलं व्हेपबद्दलचं बोलणं तुम्ही आपल्याला लागू करू नका. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा, पुड्यांवर छापलेला असतो तोच.

आणि तुमच्यासाठी. बिनचवीचं लिक्विड बिनचवीचंच ओढा. पहिले काही दिवस पाणचट वाटेल, मग जीभ रुळते, आणि चवीचा ओढा गेला की झुरकेही कमी होतात, हे अनेकांनी मला सांगितलंय. वेलदोडा चहात घाला, म्हणजे तोंडाला चव मिळेल. अर्काच्या सगळ्या बाटल्या टाकून द्या, टाकी गरम पाण्याने धुवा, कॉइल आणि कापूस नवा घाला. निकोटिन हळूहळू कमी करत आणायचं असेल तर तुमच्याकडे १-८००-७८४-८६६९ या क्रमांकावर फुकट मदत मिळते. आणि तुम्ही प्रतिक्रियेच्या शेवटी जाता जाता ‘सकाळी थोडा खोकला असतो’ असं लिहिलंय, त्यासाठी या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. व्हेप ओढतो एवढंच सांगून थांबू नका. काय काय घालत होतात, किती दिवस, ते सगळं सांगा. तेलाचा संशय असेल तर डॉक्टर तपासणी वेगळी करतात.