मायनस खातं ९० दिवसांनी ‘माफ’ होत नाही

सोसायटीच्या ग्रुपवरून भिशीच्या ग्रुपवर आणि तिथून घरच्या ग्रुपवर आलेला हा फॉरवर्ड थोडक्यात असा: “रिझर्व्ह बँकेचा नवा आदेश! बँकेने कापलेला प्रत्येक चार्ज बेकायदा. गेल्या १० वर्षांची रक्कम दुप्पट परत मिळणार. मिनिमम बॅलन्स सर्व बँकांत रद्द. खातं मायनस झालं किंवा ओव्हरड्राफ्ट थकला तर एक पैसाही भरू नका, ९० दिवसांनी बँकेला तो माफ करावाच लागतो. लोकपालाकडे तक्रार करा, मानसिक त्रासाचे १ लाख मिळवा. खालच्या लिंकवर फॉर्म भरा, फी फक्त ४९९.” आमच्या मामींनी हे वाचून दुकानाच्या ओडी खात्यात (ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट, ठरलेल्या मर्यादेपर्यंत खात्यातून उधार उचलायची सोय) व्याजाचे पैसे टाकणं थांबवलंय, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

सगळ्यात घातक वाक्य आधी घेतो. ९० दिवसांनी माफी.

हे ९० दिवस कुठून उचलले ते उघड आहे. ओडी किंवा कॅश क्रेडिट (धंद्यासाठीचं तसंच उचल खातं) ९० दिवसांच्या नियमाने ‘बिघडलेलं’ ठरलं की बँकेला ते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, म्हणून दाखवावं लागतं. हा बँकेच्या हिशेबाचा नियम आहे. त्यात कर्जदाराला एक रुपयाचीही सूट नाही, उलट त्याच्या कटकटी तिथून सुरू होतात. सिबिलमध्ये नोंद जाते, नवीन कर्ज अडतं. ओडी घरावर किंवा गाळ्यावर घेतलेला असेल आणि रक्कम १ लाखाच्या वर असेल, तर सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण ताब्यात घेण्याच्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. एकदा एनपीए झालेलं खातं पुन्हा नियमित करायचं तर दोन हप्ते टाकून भागत नाही, मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरावी लागते. आणि बँकेने पुढे कर्ज ‘राइट-ऑफ’ केलं तरी तेही ताळेबंदापुरतंच असतं, वसुली चालूच राहते. पेपरातला राइट-ऑफचा मथळा वाचून ‘माफ केलं’ म्हणणारे पुष्कळ आहेत, हा फॉरवर्डही त्यातल्याच कुणीतरी लिहिलाय.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती दुकानदारांना सहसा कुणी सांगत नाही. ओडी बिघडलेला ठरायला मर्यादा ओलांडावीच लागते असं नाही. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ ला हे स्पष्ट केलंय. खात्यातली उचल सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिली तर खातं बिघडलं. उचल मर्यादेच्या आत आहे, पण ९० दिवसांत एकही जमा नाही, तरी बिघडलं. जमा झाली, पण त्या काळात लागलेलं व्याजही तिच्यातून भागत नाही, तरीही बिघडलं.

आकड्यात बघा. मर्यादा १ लाख, उचल ६० हजार, व्याज १२ टक्के. रोजचं व्याज १९ रुपये ७३ पैसे, ३० दिवसांचं साधारण ५९२. बँक ते महिन्याला खात्यातच नावे टाकते, त्यामुळे पुढच्या महिन्यात व्याजावर व्याज. तीन महिन्यांत आकडा १,८०० च्या घरात जातो. आता माणूस म्हणतो, ‘अजून ४० हजार शिल्लक मर्यादा आहे, बँक त्यातून व्याज घेतेय, मग काय बिघडलं?’ बिघडलंच. त्या तीन महिन्यांत बाहेरून किमान तेवढे १,८०० जमा व्हायला हवे होते. मर्यादा पूर्ण वापरलेली असेल तर व्याज पडल्याच दिवशी खातं मर्यादेबाहेर जातं, म्हणून किमान दोन महिन्यांच्या व्याजाइतकी जागा मोकळी ठेवावी.

ओडी डोईजड झाला असेल तर भरणं थांबवून सुटका नाही. व्याज रोजच्या शिल्लकेवर लागतं, त्यामुळे गल्ला किंवा पगार आठवडाभरासाठी का होईना ओडीत टाकला तर तेवढ्या दिवसांचं व्याज वाचतं. तेच पैसे बचत खात्यात ठेवून ओडी चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. मुद्दल हलतच नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्या: ओडीचं मुदत कर्जात रूपांतर करा, किंवा मर्यादा दर महिन्याला ठरावीक रकमेने कमी करा. हा अर्ज खातं बिघडायच्या आधी गेला तर मॅनेजरच्या हातात काही असतं, नंतर फाइल वरच्या कार्यालयात जाते. ओडी एफडीवर असेल तर एफडीचा दर आणि ओडीचा दर शेजारी लिहा. फरक टक्का-दोन टक्के दिसतो, पण एफडीच्या व्याजावर तुम्ही करही भरता. वर्षभर मर्यादा भरलेलीच राहत असेल तर मुदतपूर्व मोडण्याचा दंड धरूनही एफडी मोडणं बहुधा स्वस्त पडतं.

नूतनीकरणाकडेही लक्ष ठेवा. अनेक ओडींची मर्यादा दरवर्षी नव्याने मंजूर होते आणि प्रोसेसिंग फी पुन्हा पडते. नको असेल तर करारात दिलेल्या मुदतीआधी लेखी कळवून ठेवा.

ओडीतही परत मागण्यासारखं काही सापडतं. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने कर्जावरचं दंडव्याज बंद केलं. थकल्यास बँक दंड आकारू शकते, पण तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, जुन्यांना ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचं होतं. त्यानंतरच्या उताऱ्यात ‘पीनल इंटरेस्ट’ अशी ओळ दिसली तर ती ओळ, तारीख आणि रक्कम टाकून लेखी खुलासा मागा. क्रेडिट कार्डाला मात्र हे परिपत्रक लागू नाही.

‘त्या खात्याकडे बघूच नका, पगार दुसऱ्या खात्यात घ्या’ हीही फॉरवर्डमधलीच एक उपओळ. दुसरं खातं त्याच बँकेत असेल तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ मधल्या धारणाधिकाराचा, म्हणजे थकबाकीपोटी ग्राहकाचे पैसे अडवून ठेवण्याच्या हक्काचा, आधार बँक घेऊ शकते. मायनस एका खात्यात, कात्री दुसऱ्याला. आणि हप्त्याचा नॅच (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची व्यवस्था) मुद्दाम परत जाऊ दिला तर दोन्हीकडून रिटर्न चार्ज पडतो, शिवाय पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखाच गुन्हा होऊ शकतो.

आता मिनिमम बॅलन्स. इथे फॉरवर्डच्या पदरात अर्धा गुण टाकावा लागतो, इलाज नाही. स्टेट बँकेने हा दंड मार्च २०२० मध्ये काढला. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन अशा सरकारी बँकांनी नेहमीच्या बचत खात्यांवरून तो हटवला. पण हा त्या त्या बँकेचा निर्णय होता. ऑगस्ट २०२५ मध्ये गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी स्वच्छ सांगितलं की किमान शिल्लक किती ठेवायची ते बँकांनी ठरवायचं. तेव्हा ‘सर्व बँकांत रद्द’ हे खोटं.

मात्र दंड लावायचा कसा, याला नियम आहे, आणि या दंडाच्या परताव्याची भिस्त त्याच्यावरच. तो आला या कागदातून: रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक, १ एप्रिल २०१५ पासून लागू, शेड्यूल्ड व्यापारी बँकांना उद्देशून. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि भरून काढायला किमान एक महिना द्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा, तुटीच्या ठरावीक टक्क्याने, टप्पे पाडून. आणि केवळ या दंडामुळे बचत खातं मायनसमध्ये जाता कामा नये.

शेवटच्या वाक्यातला ‘केवळ या दंडामुळे’ हा भाग नीट वाचा. खातं डेबिट कार्डाच्या वार्षिक फीमुळे किंवा हप्त्याच्या रिटर्न चार्जमुळे मायनस झालं असेल तर हे वाक्य तुमच्या कामाचं नाही. आणि मंजूर ओडीतलं मायनस म्हणजे तुम्ही उचललेले पैसे, त्याचा इथे संबंधच नाही. फॉरवर्डने हे सगळं एकाच पातेल्यात ढवळलंय.

तुमचा दंड बरोबर आहे का ते घरी तपासता येतं. सरासरी मासिक शिल्लक म्हणजे रोजच्या दिवसअखेरच्या शिल्लकेची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. समजा १० हजारांची अट आहे. १० दिवस १५ हजार होते, २० दिवस २ हजार. बेरीज १ लाख ९० हजार, भागिले ३०, सरासरी ६,३३३. तूट ३,६६७. बँकेच्या दरपत्रकात तुटीच्या ६ टक्के लिहिलं असेल तर दंड २२० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३९ रुपये ६० पैसे. खात्यातून याहून जास्त गेलं असेल तर दरपत्रकाची ती ओळ दाखवून विचारा. परतावा मिळाला की जीएसटीही परत आला का ते बघा, तो बऱ्याचदा मागेच राहतो.

परताव्याच्या लायकीच्या जागा सहसा या. सलग दोन वर्षं तुम्ही व्यवहार न केल्याने निष्क्रिय झालेल्या खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही. मूलभूत बचत ठेव खात्याला, म्हणजे जनधनसारख्या खात्याला, किमान शिल्लकेची अटच नाही. तांत्रिक बिघाडाने किंवा मशीनमध्ये नोटा नसल्याने फसलेला एटीएम व्यवहार तुमच्या फुकट व्यवहारांत मोजता येत नाही. एसएमएसचा चार्ज प्रत्यक्ष वापरावर हवा. आणि सगळ्यात जास्त लोक सापडतात ते पगारखात्यात: नोकरी सुटते, काही महिने पगार जमा होत नाही, खातं साध्या बचत खात्यात बदलतं आणि दंड सुरू होतो. तिथे सूचना कधी, कोणत्या नंबरवर पाठवली, हे बँकेकडून लेखी मागायचं. नंबर बदलून तुम्ही बँकेला कळवलेलंच नसेल तर बाजू लंगडी पडते.

‘सगळे चार्ज बेकायदा आहेत, १० वर्षांचे परत करा’ असा अर्ज दिलात तर बँक दरपत्रक जोडून दोन ओळींत तक्रार बंद करते. त्यापेक्षा एक तक्ता करा: तारीख, उताऱ्यातला शब्दशः उल्लेख, रक्कम, जीएसटी, आणि कोणत्या नियमाला धरून हरकत. शाखेत पोच घ्या किंवा बँकेच्या पोर्टलवर तक्रार क्रमांक घ्या. तोंडी तक्रारीला पुढे काही किंमत राहत नाही. मॅनेजर ‘एकदा सदिच्छा म्हणून परत करतो’ म्हणाला तर घ्या, पण दंड पुढच्या महिन्यात पुन्हा लागू नये म्हणून खात्याचा प्रकार त्याच दिवशी बदलून मागा.

दुप्पट परतावा? असा नियमच नाही. बहुधा २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकातल्या रोजच्या १०० रुपयांवरून कल्पना सुचली असावी. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण रक्कम वजा झाली, तर ती व्यवहारानंतर ५ दिवसांत परत यायला हवी, पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये, आणि तेही न मागता. चार्जेसशी याचं काही नातं नाही.

लोकपालाचे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याचे, १ लाख ही २०२१ च्या योजनेत मानसिक त्रासापोटी ठेवलेली कमाल मर्यादा, बक्षीस नव्हे. थेट तिकडे धावलात तर तक्रार दारातच परत येते. आधी बँकेकडे लेखी, मग ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर, आणि तेही रेंगाळू न देता. हे सगळं फुकट आहे, वकील लागत नाही. वकिलामार्फत दिलेली तक्रार घेतलीच जात नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पतसंस्थेत खातं असेल तर हा रस्ताच नाही, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते आणि तक्रार उपनिबंधकांकडे जाते.

राहिली ती ४९९ ची लिंक. जी तक्रार फुकट होते तिच्यासाठी फी, आणि फॉर्ममध्ये कार्ड नंबर आणि ओटीपी. परतावा द्यायला ओटीपी लागत नाही, पैसे काढायला लागतो. कुणी तिथे माहिती भरून बसलं असेल तर आधी बँकेच्या हेल्पलाइनवरून कार्ड आणि नेट बँकिंग बंद करा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. लिंकवरून एखादं ॲप उतरवलं असेल तर त्या फोनवरून बँकेचं काहीही करू नका, दोन्ही फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा.