दिवाडीला न सापडलेली डबी आणि गरगर फिरणारा बाण: एका प्रतिक्रियेला उत्तर

बाब, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहासोबत परत वाचली, आणि हे चार ओळींत मावणारं नाही म्हणून वेगळं लिहायला बसले. रागावले नाहीये. म्हणजे "ताई, कमिशन किती मिळतं?" हे वाचून जरा रागावलेच होते, पण चहा संपेपर्यंत गेला राग.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते काय झालं ते. जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी तिच्या अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांवरून शोधायचा खेळ. यांनी माझा हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायच्या, जीपीएसवरचा लेख वाचून ओळखीतल्या एकाकडून वापरलेला गार्मिन कंपनीचा ईट्रेक्स २२एक्स घेतला, डबीचे आकडे भरले तर यंत्र म्हणालं समुद्रात जा, ते कसंबसं निस्तरून हे फेरीबोटीने गोव्यातल्या दिवाडी बेटावर गेले, तिथे खाजनाच्या (खाऱ्या पाण्यालगतच्या शेताच्या) बांधावर दीड तास डबीची दिशा दाखवणारा बाण "भूत लागल्यासारखा" फिरत राहिला आणि शेवटी सोबत आलेल्या शेजारच्या पोराने मोबाईल काढून दहा मिनिटांत डबी काढून दिली. वर यांचं म्हणणं, रेंज नसली की फोनचा जीपीएस मरतो हे मी लिहिलंय ते साफ खोटं.

तर खोट्यापासूनच सुरू करते, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. फोनमधला जीपीएस पण उपग्रहांकडूनच सिग्नल घेतो, टॉवरकडून नाही. रेंज नसली तर पहिल्यांदा जागा पकडायला वेळ लागतो, कारण कुठला उपग्रह कुठे आहे ही माहिती एरवी नेटवरून पटकन येते ती मग उपग्रहाकडूनच हळूहळू घ्यावी लागते, आणि नकाशा आधी डाउनलोड केलेला नसेल तर कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा दिसतो. मला म्हणायचं होतं नकाशा दिसत नाही, लिहिलं गेलं जीपीएस चालत नाही. माझी चूक, लेखात दुरुस्त केलंय.

आता समुद्र. हे मी तुमची प्रतिक्रिया वाचताना मोठ्याने हसले, तुम्हाला नाही, मला स्वतःलाच, कारण पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. जिओकॅशिंगचे आकडे अंश आणि दशांश मिनिटं असे देतात, म्हणजे दिवाडीचं कुठलंतरी ठिकाण समजा उत्तर १५ अंश ३१.४०० मिनिटं, पूर्व ७३ अंश ५४.३०० मिनिटं (ही डबीची जागा नाही हां, उगाच पळू नका). तुमच्या यंत्राच्या आधीच्या मालकाने सेटिंग नुसत्या दशांश अंशांवर ठेवलं असणार. मग तुम्ही भरलं १५.३१४०० आणि ७३.५४३००. दिसायला सारखंच. पण १५ अंश ३१.४ मिनिटं म्हणजे १५.५२३ अंश, कारण अंशात मिनिटं साठ असतात, शंभर नाही. झालं, तेवीस किलोमीटर दक्षिणेला आणि जवळजवळ एकोणचाळीस किलोमीटर पश्चिमेला गेलात, म्हणजे मुरगावच्याही पुढे भर अरबी समुद्रात, ट्रॉलरवाल्यांच्या सोबतीला. यंत्राने सांगितलं ते बरोबरच सांगितलं. सेटिंगमध्ये पोझिशन फॉरमॅट म्हणून असतं तिथे मिनिटांवालं निवडायचं आणि त्याच पानावर डेटम (आकडे पृथ्वीच्या कुठल्या मोजमापावर बसवलेत ते) डब्ल्यूजीएस ८४ आहे ना तेही बघून घ्यायचं, वापरलेलं यंत्र घेतलं की हे पहिलं काम.

आणि बाण. हा खरा मुद्दा आणि इथे मी जास्त दोषी आहे, कारण लेखात मी बॅटरीवर तीन परिच्छेद लिहिले आणि ह्याच्यावर एक ओळ नाही. २२एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक कंपास नाहीये. ३२एक्समध्ये आहे. जीपीएसला फक्त तुम्ही कुठे आहात तेवढं कळतं, तुमचं तोंड कुठे आहे ते कळत नाही, ते तो तुमच्या चालण्यावरून काढतो, मघाशी इथे होतात आता तिथे आहात म्हणजे अमुक दिशेला निघालात. तुम्ही उभे राहिलात की त्याला काहीच कळत नाही, आणि जागेचा अंदाज तर दोन-चार मीटर इकडे तिकडे हलतच असतो, त्या हलण्यालाच तो चालणं समजतो आणि बाण फिरायला लागतो. तुम्ही बांधावर उभे राहून बाण थांबायची वाट बघत होतात, बरोबर? तो थांबणारच नव्हता. त्या पोराच्या फोनमध्ये कंपास आहे, म्हणून त्याचा बाण उभ्याने पण नीट दाखवत होता. दहा मिनिटांचं गुपित एवढंच. (आणि त्याने हिंट, म्हणजे लपवणाऱ्याने दिलेली खूण, वाचली असणार. विचारा त्याला.)

उलट खाजनाच्या बांधावर तुमचं यंत्र उत्तम चाललं असणार. डोक्यावर सगळं आभाळ उघडं, दोन्ही बाजूला पाणी नाहीतर शेत. खरा त्रास होतो तो सत्तरीच्या रानात पावसाळ्यात, ओली पानं सिग्नल खातात, नाहीतर एखाद्या उंच चिऱ्याच्या कड्याला लागून, तिथे सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा येतो आणि यंत्राला वाटतं आपण दहा-पंधरा मीटर बाजूला आहोत. तुम्ही लिहिलंय पडद्यावर तीन मीटर अचूकता दाखवत होतं तरी डबी नाही. बाब, तो यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे, तीन मीटरच्या आत असल्याची हमी नव्हे. शिवाय डबी लपवणाऱ्याच्या यंत्राचीही तेवढीच चूक त्या आकड्यांत आधीच बसलेली असते. दोन्ही मिळून आठ-दहा मीटरचं रिंगण धरूनच चालायचं.

मी काय करते ते सांगते. चाळीसेक मीटर लांबून सरळ, नेहमीच्या चालीने यायचं, बाण स्थिर झाला की तो समोर कशावर रोखलाय ते बघून ठेवायचं, एखादा माड, मानशीचा (खाजनातल्या पाण्याच्या दाराचा) खांब, जे असेल ते. मग बाजूला जाऊन दुसऱ्या दिशेकडून तसंच यायचं. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे यंत्र खिशात. खरंच खिशात, हातात राहिलं की आपण शून्य मीटर दिसेपर्यंत त्या आकड्याच्या मागे कोंबडीसारखे फिरत राहतो. त्यापुढे डोळे वापरायचे, इथे मी असते तर कुठे लपवलं असतं, गडग्यातला कुठला दगड जरा नवा बसवल्यासारखा दिसतोय. बाणावर अगदीच विश्वास नसेल तर पडद्यावरचे आकडेच बघा, मिनिटाचा शेवटचा हजारावा भाग म्हणजे अक्षांशात १.८५ मीटर, इथल्या रेखांशात साधारण १.७८, म्हणजे शेवटचा आकडा पाचने चुकत असेल तर नऊ-दहा मीटर, मोठ्या दहा-बारा ढांगा.

राहिला कंपनीचा आरोप. बिल मी माझ्याच पैशांनी भरलंय, फोटो हवा तर टाकते. पण त्या आरोपात एक खरं आहे, हँडहेल्ड पाहिजेच हा आमचा हट्ट जुन्या काळातला आहे. अमेरिकेने २ मे २००० ला जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली, तोवर साध्या माणसाच्या यंत्रात शंभरेक मीटरची चूक असायची, आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे ला, डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ऑरेगॉनमध्ये एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले, हा खेळ तिथून सुरू झाला, कुठल्या कंपनीने नाही काढला. तेव्हा जवळजवळ कुणाच्याच खिशातल्या फोनमध्ये जीपीएस नव्हता, हातात धरायचं यंत्र हाच मार्ग. त्या लोकांचं वाचून आम्ही शिकलो आणि तोच सल्ला पुढे ढकलत राहिलो. आज पणजी, जुने गोवे, मडगाव, किनारे, असं फिरणार असाल तर फोन पुरे, त्यातही नवा दोन फ्रिक्वेन्सीवाला (उपग्रहाचे दोन वेगळे सिग्नल घेणारा) असेल तर माझ्या जुन्या यंत्रापेक्षा बराच बरा. हे मी लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं.

मग मी अजून यंत्र का बाळगते? जुलैमुळे. पावसाचे चार थेंब पडले की फोनचा टच येड्यासारखा वागतो, बोटं ओली, पडदा ओला, भलतंच काहीतरी उघडतं. यंत्राला बटणं आहेत. पडलं तरी फोनइतका जीव जात नाही. आणि दोन पेन्सिल सेल घातले की पंचवीस तास चालतात असं कंपनी म्हणते, मला तेवढे कधी मिळाले नाहीत पण दिवस निघतो, खिशात जास्तीची जोडी असली की झालं. रिचार्जेबल सेल असतील तर सेटिंगमध्ये तसं सांगा, नाहीतर अर्धे भरलेले असतानाच बॅटरी संपली म्हणून ओरडतं. आणि पावसाळ्यात वापर नसेल तेव्हा सेल आत ठेवू नका, माझे गळले होते, स्प्रिंगवर हिरवं आलं, व्हिनेगर लावून कानकोरणीने बसून साफ केलं.

शेवटची गोष्ट, आणि ही जरा गंभीरपणे घ्या. तुम्ही लिहिलंय भाचा कॅनडाहून "चांगलं मॉडेल, मेसेजवालं" आणणार आहे. नको. आत्ताच फोन करून सांगा त्याला. साधं जीपीएस फक्त सिग्नल ऐकतं, पण इनरीच, किंवा ६६आय, ६७आय असली नावात आय असलेली जीपीएसमॅपची मॉडेलं उपग्रहाला मेसेज पाठवतात, आणि उपग्रहावरून बोलणारी उपकरणं आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, तसा कायदाच आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्याच विमानतळावर एका परदेशी पाहुणीला इनरीच जवळ आहे म्हणून ताब्यात घेतल्याची बातमी होती. बिचारीने सुरक्षा तपासणीत ट्रेमध्ये ठेवलं असेल चष्म्याशेजारी. भाच्याला ३२एक्स आणायला सांगा आणि आणल्यावर कंपास कॅलिब्रेट करा, सेल बदलले की परत करा, आणि स्कूटरच्या डिकीवर ठेवून करू नका, लोखंडाने बिघडतं.

आणि तुमचं २२एक्स विकू नका हो. मी येत्या रविवारी सकाळी दिवाडीलाच जातेय, दुसरी एक डबी तपासायला, कुणीतरी लिहिलंय आतली नावं लिहायची वही भिजलीय म्हणून. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर साडेसातला असेन. यायचं असेल तर या, सेल भरून आणा, त्या पोरालाही आणा. फक्त त्याचा फोन पहिली वीस मिनिटं माझ्या पिशवीत राहील.