कोबो आबेची पटकथा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, आवडलं. नुसत्या 'छान लेख'पेक्षा असं भांडण कधीही बरं. जपानी लेखक कोबो आबेवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं की आबे मुळात कादंबरीकार, पटकथा म्हणजे त्यानं आपल्याच पुस्तकांची केलेली काटछाट, आणि श्रेय दिग्दर्शक हिरोशी तेशिगाहाराचं. मग लेखातली निम्मी जागा सिनेमाला कशाला?

काटछाट म्हणता, तर या जोडीच्या पहिल्याच चित्रपटाचं काय? 'पिटफॉल' (1962) कुठल्याच कादंबरीवरून आलेला नाही. आबेनं 1960 साली टीव्हीसाठी लिहिलेल्या नाटकावरून तो झाला. कोळसा खाणी, एकमेकींविरुद्ध झुंजवलेल्या दोन कामगार संघटना, आणि मला का मारलं म्हणून विचारत हिंडणारं खाणमजुराचं भूत.

खरी गंमत 'द फेस ऑफ अनदर'मध्ये आहे. 1964ची कादंबरी म्हणजे चेहरा गमावलेल्या माणसानं बायकोसाठी लिहिलेल्या तीन वह्या. मुखवटाही तो स्वतःच बनवतो, सगळा कारभार त्याच्या डोक्यात. पडद्यावर हे दोन तास कोण ऐकणार? म्हणून 1966च्या पटकथेत आबेनं मुखवट्याचं काम एका मानसोपचारतज्ज्ञाकडे सोपवलं, आणि नायकाला हुज्जत घालायला कुणीतरी मिळालं. पुस्तकाच्या शेवटाकडे नायक आपण पाहिलेल्या एका सिनेमाची गोष्ट सांगतो, चेहऱ्याची एक बाजू विद्रूप झालेल्या मुलीची. पटकथेत तीच गोष्ट मुख्य कथेत अधूनमधून येत राहते, काही खुलासा न करता. पुस्तक संपतं तेव्हा नायक पिस्तूल घेऊन दबा धरून बसलेला आहे. सिनेमात तो डॉक्टरचाच खून करतो. (शेवट फोडला खरा, पण सिनेमा जवळपास साठ वर्षांचा झालाय.) ही काटछाट नव्हे, दुसऱ्यांदा केलेलं लेखन आहे.

'वूमन इन द ड्यून्स'बद्दल, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात अडकवून ठेवलेल्या माणसाच्या गोष्टीबद्दल, तुमचं बरंचसं मान्य. अंगाला चिकटलेली ती वाळू आणि तोरू ताकेमित्सूचं संगीत कुणाला लिहून आणता येत नाही. पण एक जागा पाहा. माणूस बेपत्ता झाला आणि सात वर्षांनी कायद्यानं मृत ठरला, हे कादंबरी पहिल्याच प्रकरणात सांगून टाकते. सिनेमा तो सरकारी कागद अगदी शेवटी दाखवतो. तोवर आपण हा सुटतो की नाही, याच काळजीत.

याच जोडीचा 1968चा सिनेमा 'द मॅन विदाउट अ मॅप' मात्र मलाही फसलेलाच वाटतो. पुढे 1973मध्ये आबेनं स्वतःची नाटकमंडळी काढली आणि तालमी घ्यायला लागला. त्या नाटकांवर वेगळा लेख लिहायला घेतलाय. उरलेलं भांडण तिथे.