लॉन उकरणाऱ्या पिल्लाचं नाक कशाला बुडवता?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवरून आला. 'कुत्रा लॉन उकरतो? आठ दिवसांत सवय मोडा.' खाली पाच मुद्दे. एक, कुत्रा राग काढायला उकरतो. दोन, खड्ड्यात पाणी भरून त्याचं नाक बुडवा. तीन, खड्ड्यात तिखट, फिनेल किंवा डांबराच्या गोळ्या टाका. चार, अंगात कॅल्शियम कमी आहे, गोळ्या सुरू करा. पाच, तरी ऐकलं नाही तर दिवसभर बांधून ठेवा. तिसऱ्यांदा तो आमच्या काकांनी पाठवला. त्यांना दोन ओळींचं उत्तर लिहायला बसले, ते एवढं लांबलं.

आधी सांगते, मी लॉनच्या बाजूची नाही असं कुणी समजू नये. आमची चिंगी दहा महिन्यांची लॅब्रेडॉर. महागाचं मेक्सिकन लॉन बसवून महिना झाला नव्हता, तेवढ्यात तिने त्याची पार चाळण केली. मीही खुरपं घेऊन तिच्यामागे धावलेय.

पहिला मुद्दा रागाचा. 'ओरडलं की कान पाडतो, नजर चुकवतो, म्हणजे चूक कळते त्याला, तरी रागाने मुद्दाम करतो,' हा त्यामागचा पुरावा. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर नेमकं हेच तपासलं. खाऊ समोर ठेवून 'खायचं नाही' असं बजावून मालक बाहेर गेले. मग काही कुत्र्यांनी खाऊ खाल्लेला नसतानाही मालकांना 'खाल्ला' असं सांगितलं. तो ओशाळा चेहरा कुत्र्याने काय केलं यावर ठरत नव्हता, मालक रागावतो की नाही यावर ठरत होता. निर्दोष असून बोलणी खाल्लेली कुत्री तर जास्तच ओशाळी दिसली. तेव्हा काका, तुम्हाला दिसतो तो पश्चात्ताप नाही, तुमच्या आवाजाची भीती आहे.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर यातच आलं. उकरणं सकाळी झालं आणि नाक संध्याकाळी बुडवलं, तर कुत्रा त्या दोन गोष्टींची सांगड घालूच शकत नाही. एवढंच शिकतो की खड्ड्याजवळ माणूस आला की पळायचं. मग तुमची पाठ फिरल्यावर उकरतो, आणि तुम्ही म्हणता, बघा किती लबाड! शिवाय नाकातोंडात पाणी गेलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं, ते वेगळंच.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मला खरंच राग आला. तिखट नाकाडोळ्यांत जातं, पंजांना लागतं, आणि कुत्रा पंजे चाटतो. डांबराच्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन पोटात गेलं तर तांबड्या रक्तपेशी फुटतात, यकृतावर परिणाम होतो. लहान पिल्लाला एखादी गोळीही महागात पडते. फिनेल चाटण्याची वस्तू नाही हे काय सांगायचं!

आणि गंमत अशी, की खड्ड्यात काय टाकायचं याचा मेसेज फिरतो, पण वाफ्यात आधीच काय टाकलंय हे कुणी विचारत नाही. चिंगीचे निम्मे खड्डे गुलाबांच्या आळ्यांत होते. माळीदादांना विचारलं तेव्हा कळलं, आदल्याच दिवशी बोनमील घातलं होतं. म्हणजे हाडांचा चुरा. कुत्र्यासमोर हाडं पुरायची आणि वर म्हणायचं, उकरू नको! त्यासोबत एरंडीची पेंडही यायची होती, ती मी दारातूनच परत पाठवली. एरंडीच्या बीत रिसिन नावाचं जहर असतं, पेंडीतही ते राहू शकतं. अशी पेंड खाऊन कुत्री दगावलेली आहेत, आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर कुणाच्या लक्षातही येत नाही. कुत्र्याने खाल्ल्याची शंका जरी आली तरी उलटी-जुलाबाची वाट न बघता डॉक्टर गाठा. आता आम्ही गुलाबांना नीट कुजलेलं शेणखतच घालतो. चिंगी त्यात लोळते, पण लोळण्यावर साबण आहे.

बाकीचे बहुतेक खड्डे लॉनभर विखुरलेले, नाक घुसेल एवढेच. ते पावसाळ्यातले. तिथलं गवत पिवळं पडलं होतं आणि हाताने ओढलं तर सतरंजीसारखं वर येत होतं. खाली हुमणी! पांढरी जाडजूड अळी, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली, गवताची मुळं खाणारी. आपल्याला दिसायच्या आत चिंगीला तिचा वास लागला होता. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगे कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, ही शेतकऱ्यांची जुनी रीत. यंदा आम्ही ती केली. घूस असेल तर खड्डा भिंतीच्या कडेला आणि खोल दिसतो, तिथेही भांडण घुशीशी आहे, कुत्र्याशी नाही.

कॅल्शियमचं थोडक्यात. उकरणं हे काही कॅल्शियम कमी असल्याचं लक्षण नाही. पिल्लू माती खात असेल तर ती बाब निराळी, जंत आणि रक्त तपासून घ्या. पण मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला मनाने कॅल्शियम देऊ नका; जादा झालं तर त्याचीच हाडं बिघडतात.

बांधून ठेवण्याबद्दल कायदाच बोलतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ वाचा. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा त्यात गुन्हा आहे. आणि उपयोग काय? बांधलेलं तरुण कुत्रं कंटाळून साखळी पोचेल तेवढी जमीन उकरतं.

मग आम्ही काय केलं? एप्रिलमध्ये चिंगी फक्त दुपारीच, पाणी दिलेल्या ओल्या जागी उकरून त्यात पोट टेकून बसायची. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांनाच, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. म्हणून सावलीत ओलं गोणपाट अंथरलं. जांभळाखाली चार बाय चार फुटांचा खड्डा करून बांधकामातली उरलेली वाळू भरली, आणि रोज त्यात तिचं एखादं खेळणं, दोन बिस्किटं पुरायला लागलो. लॉनवर पंजा पडला की न ओरडता तिकडे न्यायचं. सकाळचं फिरणंही वाढवलं. आठ दिवसांत नाही, दीड-दोन महिन्यांत फरक पडला. अजूनही पहिल्या पावसाच्या वासाने तिचं डोकं फिरतंच.

मेक्सिकन लॉनचा नाद मात्र सोडला. त्या जागी साधी हरळी लावली, माळीदादांनी नाक मुरडलं तरी. तिचे धुमारे जमिनीवरून पसरतात आणि उघडी जागा आपोआप भरून निघते. हरळी म्हणजेच दूर्वा, त्यामुळे गणपतीत विकत आणायला नकोत असं आईला वाटलं होतं. पण चिंगी दिवसातून चारदा तिथे जाऊन काय करते ते बघितल्यावर आईने गच्चीवर वेगळी कुंडी लावली.